ओतीव

काका येणार आहेत हे आईने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबांनी सकाळीच काहीतरी निमित्त काढून घरातून काढता पाय घेतला असता, आणि उद्या संग्रहालयाची माणसं यायची असताना घरातला कर्ता माणूसच बेपत्ता, हे तिला नको होतं. म्हणून ती गप्प राहिली. दुपारच्या स्वयंपाकात तिने एका माणसाचं जास्तीचं धरलं, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

थोरलीच्या तर ते लक्षात येणंच शक्य नव्हतं. ती सकाळपासून मागच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल ओढून बसली होती. टेबलावर हिरवं जाड कापड, त्यावर तिने कामावरून आणलेला मायक्रोस्कोप, माप घ्यायला एक व्हर्नियर, एक लोहचुंबक आणि बाबांचे लाकडी ट्रे. एका जुन्या लिलावघरात धातूच्या वस्तू अस्सल की नक्कल हे ठरवायचं तिचं काम. आज तेच काम ती माहेरी करत होती. बाबांचा जर्मन लष्करी पदकांचा संग्रह शहराच्या संग्रहालयाला जायचा होता. संग्रहालयाची एकच अट होती: प्रत्येक पदक तपासून कुणा जाणकाराने सही करायची. ‘जाणकार घरातच आहे,’ असं बाबांनी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

ट्रेमागून ट्रे तिने हातावेगळे केले होते. आयर्न क्रॉस तपासणं तसं सोपं. चांदीच्या दोन चौकटींमध्ये बिडाचा काळा गाभा, म्हणजे चुंबक धरला की तो ओढला गेला पाहिजे. चौकटीचा सांधा कडेला दिसला पाहिजे. नक्कल करणारे बहुतेक वेळा सगळं एकाच तुकड्यात उरकतात. बाबांचे सगळे क्रॉस खणखणीत निघाले. बव्हेरियाची, सॅक्सनीची पदकंही तशीच. तिला मनातून अभिमान वाटत होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं धरणाऱ्या या माणसाची स्वतःची नजर किती पक्की होती.

मग तिने सर्वांत शेवटी ठेवलेली डबी उघडली. निळा क्रॉस.

या पदकाचं नाव ‘पूर ल मेरित’. पदक प्रशियाच्या, म्हणजे जर्मन, राजाचं आणि नाव मात्र फ्रेंच, यावर काका पूर्वी म्हणायचे, ‘जर्मनांनी जन्मात एकदाच विनोद केला आणि तो गळ्यात घालून फिरले.’ निळ्याशार मीन्याचा आठ टोकांचा क्रॉस, त्याच्या चार भुजांच्या बेचक्यांत चार सोनेरी गरुड. युद्धातला सर्वांत मोठा मान. संग्रहालयाने बाबांच्या नावाची खोली द्यायचं कबूल केलं होतं ते मुख्यतः याच्यासाठी. खोलीच्या मधोमध काचेची एकच पेटी, आणि तिच्यात हा.

थोरलीने तो मायक्रोस्कोपखाली धरला. बघितला. उलटा करून बघितला. मग खुर्चीत मागे टेकून खिडकीबाहेर समोरच्या घराच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरी बघत राहिली.

धाकटा दार ढकलून आत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

“झालं का? मला उद्याच्या भाषणाचा कागद छापायचाय. निळ्या क्रॉसवर दोन वाक्यं दे.”

“दार लाव.”

त्याने दार लावलं. थोरल्या बहिणीचा हा स्वर त्याला लहानपणापासून ठाऊक होता.

“खोटा आहे,” ती म्हणाली.

धाकटा जाहिरातीच्या धंद्यातला. कुठल्याही बातमीला दुसरी बाजू असते यावर त्याचं पोट चालत असे. तो ट्रेच्या कडेशी टेकला आणि म्हणाला, “म्हणजे किती खोटा?”

“खोट्यात किती-बिती नसतं. अस्सल असतो तो ठशाने ठोकलेला असतो, कडा धारदार लागतात. हा कुणीतरी खऱ्यावरून साचा घेऊन ओतलाय. गरुडांच्या पायांशी बघ, बारीक खड्डे. ओतताना हवा अडकली की राहतात तसे. कारागिराचा शिक्कासुद्धा साच्यातूनच उतरलाय, वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखा. आणि मापाला किंचित लहान आहे. ओतलेला धातू निवताना आक्रसतो. प्रत्येक कारागिराचं माप वेगळं असतं म्हणून नुसतं तेवढ्यावर मी बोलले नसते. पण सगळंच एका दिशेला जातंय.”

“हे उद्या येणाऱ्या संग्रहालयाच्या बाईंना दिसेल?”

“त्यांना दिसत असतं तर माझी सही कशाला मागितली असती?”

“मग झालं तर. सही करून टाक.” तिने बघितलं तसा तो घाईने पुढे म्हणाला, “ताई, ऐकून घे. ऑपरेशनपासून बाबा कसे झालेत बघतेस ना? दुकान गेलं, डोळे अधू झाले. सकाळी उठून त्या खोलीबद्दल बोलतात, एवढंच काय ते. त्या पेटीत काय आहे याने कुणाचं काय बिघडणार आहे? लोक येतील, निळा रंग बघतील, पुढे जातील.”

“आणि उद्या दुसरं कुणी भिंग घेऊन आलं तर? ज्या खोलीवर बाबांचं नाव, तिच्याच मधोमध नक्कल. मग त्यांच्या बाकीच्या खऱ्या पदकांकडेही लोक संशयाने बघतील.”

“तेव्हाचं तेव्हा.”

“आणि माझी सही?”

धाकट्याने मान खाली घातली. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण ते बोलून दाखवायची वेळ येऊ नये अशी त्याची इच्छा होती.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली, आणि बाहेरून आईचा आवाज आला, नको इतका मोकळा आणि आनंदी, “या, भाऊजी, या.”

थोरलीने डबी मिटली.

*

काका म्हणजे बाबांचे एकुलते एक धाकटे भाऊ, दातांचे डॉक्टर. या घराची पायरी ते कित्येक वर्षांत चढले नव्हते. लग्नकार्यात गाठ पडली तर दोघे भाऊ हॉलच्या दोन टोकांना बसत आणि मध्ये आई निरोप्यासारखी फिरत असे. याचं कारणही तो निळा क्रॉसच होता.

कॉलेजात असताना दोघांनी मिळून हा नाद लावून घेतला होता. भंगारवाल्याच्या खोक्यात त्यांना पहिला आयर्न क्रॉस सापडला तेव्हा ते काय आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. शब्दकोश घेऊन, वाचनालयं पालथी घालून त्यांनी ते शोधून काढलं आणि मग दोघंही झपाटले. आईला हे कधीच पटलं नाही. लग्न होऊन आली तेव्हाच ती म्हणाली होती, “लोकांच्या मरणाची बक्षिसं ही. माझ्या झोपायच्या खोलीत नकोत.” त्यावर बाबा म्हणाले होते, “ज्याच्या छातीवर हे होतं तो घरी परतला की नाही, असं कुणाच्या तरी मनात यायला हवं ना. माझ्या येतं.” आईला हे उत्तर आवडलं होतं. पण पदकं मागच्या खोलीतच राहिली.

पुढे एक फिरता व्यापारी निळा क्रॉस घेऊन आला आणि बाबांनी, दोघांनी जमवलेल्या आयर्न क्रॉसचा सगळ्यात जुना ट्रे त्याच्या बदल्यात देऊन टाकला. भावाला विचारलं नाही. संध्याकाळी काका आले, त्यांनी क्रॉस हातात घेतला, नखाने कड चाचपली आणि म्हणाले, “दादा, हा ओतीव आहे. मी रोज दातांच्या टोप्या ओततो, मला कळतं.” बाबा म्हणाले, “तुला विचारलं नाही म्हणून तू असं बोलतोयस.” मग जे बोलणं झालं ते थोरलीने शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं. ते पुन्हा कुणी कधी उच्चारलं नाही.

आणि आज काका सोफ्याच्या कडेवर, पाहुण्यासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. बाबा समोरच्या खुर्चीत. दोघांचेही केस सारखेच पांढरे झाले होते, आणि आता ते पूर्वीपेक्षा जास्त एकमेकांसारखे दिसत होते.

“तब्येत?” काकांनी विचारलं.

“आहे.”

“गोळ्या वेळेवर घेतोस ना?”

“तू दाताचा डॉक्टर आहेस.”

आईने घाईघाईने पानं मांडायला घेतली.

जेवताना बोलणं हवेवर, रस्त्यांच्या खोदकामावर आणि काकांच्या नातवावर झालं. बाबांनी तोंडी लावण्यापुरतेच शब्द खर्च केले, पण ते उठून गेले नाहीत. आई मध्येच थोरलीकडे बघायची, जणू विचारत होती, बरं केलं ना मी? आईला वाटत होतं, हा समेटाचा दिवस. आणि नेमक्या याच दिवशी थोरलीला उठून सांगायचं होतं की काका तेव्हा बरोबर होते. बाबांना ते कसं वाटेल हे तिला कळत होतं. भाऊ आला, आणि लेक त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

*

जेवणं झाल्यावर बाबा जरा आडवे झाले. काका हात धुऊन सरळ मागच्या खोलीत आले. पूर्वी इथे त्यांची स्वतःची खुर्ची होती, ती नाही हे त्यांनी बघितलं आणि ते पेटाऱ्यावर बसले.

“सगळं छान ठेवलंय त्याने,” ते ट्रेंवरून नजर फिरवत म्हणाले.

थोरलीने डबी उघडून मायक्रोस्कोपखाली सरकवली. “काका, बघा.”

“नाही.”

“एकदा बघा तरी. तुम्ही म्हणाला होतात तेच आहे.”

“मला माहीत आहे मी काय म्हणालो होतो.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. “बाळ, बरोबर असून मला काय मिळालं सांग? त्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या खाली गाडीत बसून होतो. वर यायची हिंमत झाली नाही. तुझ्या आईने फोन करून सांगितलं की शुद्धीवर आला, तेव्हा घरी गेलो. इतकी वर्षं मी बरोबर आहे. पुरे झालं.”

“मग आज काय करणार तुम्ही?”

“त्याला सांगणार की माझं चुकलं. क्रॉस अस्सल आहे. माफी मागायचं मी वहिनींना कबूल केलंय.”

“आईला माहीत आहे?”

“क्रॉस खोटा निघालाय हे त्यांना माहीत नाही. मी माफी मागणार एवढंच माहीत आहे.”

दारात धाकटा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. “ताई,” तो हळूच म्हणाला, “आता तरी ऐक. काका स्वतः म्हणतायत.”

आईही त्याच्यामागे येऊन थांबली. तिला थोडक्यात सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, “एका निळ्या तुकड्यापायी मी दोन भावांमध्ये अर्धं आयुष्य घालवलं. खरा असो, खोटा असो, मला दोघं एका पंगतीला हवेत. तू फक्त गप्प बस. सही नाही केलीस तरी चालेल. आज गप्प बस.”

तिघंही एका बाजूला होते. त्यांच्यातलं कुणीही वाईट हेतूने बोलत नव्हतं. परक्या माणसाला ‘तुमची वस्तू खोटी आहे’ असं थोरलीने कितीदा तरी सांगितलं होतं. त्यांचे चेहरे पडताना बघितले होते. तेव्हा ती स्वतःशी म्हणायची, वस्तूच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. आज वस्तूच्या बाजूने बोलायला तिला लाज वाटत होती.

“बाबांनी मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “आपणहून बोलणार नाही. एवढंच मला जमेल.”

*

चहाच्या वेळी बाबा स्वतःच मागच्या खोलीत आले. सगळे तिथेच आहेत हे बघून ते थबकले, मग टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. काका उभे राहिले.

“दादा, मला बोलायचंय.”

“बोल.”

“तेव्हा मी जे म्हणालो ते रागाच्या भरात. तू मला न विचारता ट्रे दिलास ते मला लागलं होतं. आज मी क्रॉस नीट बघितला. अस्सल आहे. माझं चुकलं होतं.”

आईने श्वास सोडला. धाकट्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाबा मात्र हलले नाहीत. अधू डोळे बारीक करून त्यांनी भावाचा चेहरा निरखला.

“कशावरून?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“अस्सल आहे हे कशावरून ठरवलंस?”

“कडा... कडा चांगल्या आहेत. मीना जुना आहे.”

“गरुडांच्या पायांशी?”

“स्वच्छ आहे.”

“अजिबात काही नाही?”

“अजिबात नाही, दादा.”

बाबांनी मान हलवली. ते भावाला म्हणाले, अगदी शांतपणे, “पेशंटचा दात उपटताना तू म्हणतोस ना, अजिबात दुखणार नाही. तुझा आवाज तेव्हा असाच होतो. माझी अक्कलदाढ तूच काढलीस, मला ओळखू येतो तो आवाज.”

बाबांनी थोरलीकडे मान वळवली.

“तू बघितलास. तू सांग.”

आईने तिच्या दंडाला हात लावला. तो हात तसाच होता आणि थोरली बोलली. ती हळू बोलली, पण काहीच गाळलं नाही. खड्डे सांगितले, शिक्का सांगितला, माप सांगितलं. कामावर बोलते तसंच ती बोलली, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात बोललं असतं तर तिला रडू आलं असतं.

“मीना?” बाबांनी विचारलं.

“खऱ्या काचेचा आहे. चांगलं काम आहे. करणारा कसबी होता. म्हणून इतकी वर्षं टिकला.”

“शिक्क्याची कड गोल आहे?”

“हो.”

“दाखव.”

तिने दिवा सरकवला. बाबा वाकले, चष्मा कपाळावर चढवून एक डोळा मायक्रोस्कोपला लावला. त्यांचा हात स्क्रू चाचपडत होता. तिने तो धरला नाही, कारण तेवढं तरी त्यांचं त्यांना करू द्यावं असं तिला वाटलं. एकदा त्यांनी क्रॉस फिरवला, पुन्हा वाकले. मग वर झाले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

“डबीतून काढून मी दर रविवारी पुसायचो याला,” ते म्हणाले. “भिंगाखाली कधी धरला नाही. इतर प्रत्येक पदक धरलं, याला नाही. मला वाटायचं, धरला तर मी तुझं म्हणणं तपासतोय असं होईल. आणि मला तुझं म्हणणं तपासायचं नव्हतं.” हे शेवटचं ते भावाला म्हणाले.

“दादा, जाऊ दे ना.”

“नाही, थांब. त्या दिवशी तू तोंडावर खोटा म्हणालास, मला संताप आला. पण तेव्हा तू मला खरं ऐकू शकणारा माणूस समजत होतास. आज तू गोड बोललास. आज जास्त लागलं. मी काय इतका संपलोय, की मला आता थापा मारायच्या?”

काका पुन्हा पेटाऱ्यावर बसले. मग ते म्हणाले, “मला तुझ्याकडे यायचं होतं रे. दुसरी वाट दिसली नाही.”

“दार होतं ना. सरळ यायचं.”

“तू उघडलं असतंस?”

बाबांनी यावर विचार केला. “पहिल्या वर्षी नसतं उघडलं,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “नंतर उघडलं असतं.”

आई टेबलाच्या कडेला टेकली आणि रडायला लागली, आवाज न करता. धाकट्याने तिला खुर्ची दिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, पण उठले नाहीत. आयुष्यभर त्यांना बायकोच्या रडण्यापुढे काय करावं हे कळलं नव्हतं, ते आजही कळलं नाही.

“उद्या त्यांना काय सांगायचं?” धाकट्याने विचारलं. त्याच्या हातात भाषणाचा कागद होता, निळ्या क्रॉसची जागा मोकळी सोडलेला.

“हा ओतीव आहे हे सांगायचं,” बाबा म्हणाले. “घेतलाच त्यांनी तर नक्कल म्हणून ठेवा म्हणावं. जमलं तर मायक्रोस्कोपसकट. येणाऱ्या पोरांना कळेल काय बघायचं ते. खोलीला नाव दिलं नाही तरी चालेल.”

“बाबा, नाव ते तरीही देतील,” थोरली म्हणाली. “बाकीचा संग्रह त्या लायकीचा आहे. हे मी तुमची मुलगी म्हणून नाही बोलत.”

“ते मला समजतं,” बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. “मुलगी म्हणून बोलायचं असतं तर सकाळीच सही करून मोकळी झाली असतीस.”

तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिच्या बापाच्या हातून एक गोष्ट गेली होती आणि ती तिने काढून घेतली होती. पण ते तिच्याकडे, हाताखालच्या माणसाकडे नव्हे, बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसे बघत होते, आणि त्या नजरेखाली ती ताठ उभी राहू शकली.

चहा निवून गेला होता. धाकटा कप गोळा करायला लागला. काका, हातांना काही उद्योग हवा म्हणून, जवळचा ट्रे ओढून बघत बसले होते. त्यांनी एक पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस उचलला, उलटा केला, प्रकाशाकडे धरला.

“याची पिन मूळची नाही,” ते म्हणाले.

आईने डोळ्यांवरचा पदर बाजूला केला.

“काय म्हणालास?” बाबांनी विचारलं.

“पिन नंतर बसवलेली आहे. बिजागरीपाशी जोडाचा डाख बघ, वेगळा चमकतोय. क्रॉस खरा आहे. पिन नाही.”

“मूळचीच आहे. तो डाख त्याच कारखान्याचा आहे, माझ्याकडे त्याचा जोडीदार आहे.”

“मग जोडीदाराचीही बदललेली असेल.”

“दोन्हींची? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“दाखव ना जोडीदार. बोलतोयस कशाला नुसता?”

बाबा खुर्चीचे हात धरून उठले. दुसरा ट्रे कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता. काका त्यांच्या मागे गेले आणि दोघांनी तो दोन बाजूंनी धरून खाली उतरवला. एकमेकांना ‘नीट धर’ असं खेकसत.

थोरली मध्ये पडणार होती. तिला उत्तर माहीत होतं, सकाळीच तिने दोन्ही पिना तपासल्या होत्या. आईने मानेनेच तिला थांबवलं. मग आई उठली, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि धाकट्याला म्हणाली, “वरच्या खोलीतली गादी उतरव. काकांचं अंथरूण घालायचंय. यांचं आज काही संपत नाही.”